डोहावर जायच्या आदल्या दिवशी

“हालू नको… आता निघतीन.”

निघतील ती पाणमांजरं. आवाज नवऱ्याचा, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातला, पैनगंगेच्या काठावरचा – आणि बोटाखाली आत्ता, शनिवारची शाळा सुटून घाटाकडे उतरताना, मनगटावरची हिरवी बांगडी, तिच्यावर केसाएवढी चीर. कोकिळा ती चीर नखानं चाचपत चालली होती. त्या दिवशी डोळ्यांवर आलेली बट मागं सारायला तिनं हात वर केला, एवढंच. बांगड्या कोपराकडे ओघळल्या, किणकिणल्या, आणि डोहावर नुसती वर्तुळं उरली… हे काही बोलले नाहीत. रागावलेही नाहीत. उठले, धोतराची माती झटकली, चालू लागले.

जातानाही तसेच गेले. महाराष्ट्र झाला, शाळेत पेढे वाटले, आणि त्याच उन्हाळ्यात “चिखलीले जाऊन येतो” म्हणून निघालेला माणूस – भांडण नाही, निरोप नाही – आलाच नाही. तिच्यापाशी तेव्हा मुळाक्षरं गिरवणारी पोरं आता मिसरूड फुटून बैल हाकतात. ती मात्र दर पोळ्याला कासारापुढे हात धरते, आणि तो विचारत नाही, हिरव्याच भरतो.

पुंजाजी भोई डोंग्याच्या बुडाला डांबर लावत बसला होता. पाणमांजरीला पिल्लं झाल्याची बातमी त्यानंच आणली होती, खालच्या डोहावरची.

“उद्या पक्कं ना, पुंजाजी?”

“पक्कं. पण बाई, शाळेत तुम्ही पोरायले चूप बसवता. उद्या तुम्हालेच चूप बसा लागन.”

“बसेन. आणि ऐका, पिल्लं असलेल्या कपारीजवळ डोंगा न्यायचा नाही. अलीकडच्या बाभळीपासूनच पाहायचं.”

“हाव. वरच्या अंगानं डोंगा सोडून देऊ, पाणी नेईन तसं. बांबूले गोणपाट गुंडाळतो, दगडावर वाजाले नको. ती पाण्यात उभी राहून आपल्याकडं पाह्यली, का आपण माघारी. मंग तुम्हाले पिल्लू दिसो का न दिसो.”

“माघारीच. तिनं घाबरून पिल्लं हलवायला नकोत.”

“माह्यं जाळं फाडते रांड, अन् मीच तिची बाळंतपणं राखतो,” पुंजाजी हसला. मग त्याचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं आणि हसू जरा ओशाळं झालं. “बाई… तेवढ्या बांगड्या. आवाज लय लांब जाते पाण्यावरून.”

तिनं हात पदराखाली घेतले.

“नर असतो का हो जवळ?”

“असते ना. मासोळी आणून देते तिले.”

घरी परतताना तेच डोक्यात – आणून देते. पाण्यातलं जनावर, त्यालाही परतायची वाट ठाऊक… पण मला ते कशाला? मला उद्याची सकाळ हवी आहे. कोवळं ऊन, लांबवर ओली काळी डोकी, आणि मी कुणाची वाट न पाहता नुसती बघत बसलेली. इतक्या वर्षांत मी स्वतःसाठी काही मागितलंय? आणि जे मागितलं, ते नेमकं मनगटापाशी अडलं. घटकाभर काढून ठेवायच्या आणि आल्यावर चढवायच्या, एवढं सोपं असतं का? मोकळे हात म्हणजे तो माणूस नाही, असं आपल्याच हातांनी म्हणणं. गावाचं राहू दे. घरात त्याची आई आहे. “येईन तो, आज ना उद्या” – हे रुखमाबाई इतक्यांदा म्हणाल्या आहेत की ते वाक्य घरात आता चुलीसारखं आहे, कुणी मुद्दाम पाहत नाही. फक्त अलीकडे, पहाटे दळताना, त्यांच्या ओवीत भाऊ येतो, माहेर येतं, आंबा मोहरतो… लेकाचं नाव येत नाही. कोकिळेच्या हे कानावर येत होतं. मनावर तिनं येऊ दिलं नव्हतं.

दिवेलागणीला तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या काढल्या. हे तिला परतीच्या वाटेवर सुचलं होतं – बांगड्या काढायच्या नाहीत, बांधून टाकायच्या. डावा हात गुंडाळून झाला. हलवून पाहिला. आवाज नाही. बांगड्या आहेत आणि नाहीत… पांढरी जाड पट्टी, जखमेवर बांधतात तशी. उजव्या हाताची गाठ एका हातानं बसेना. ती दातांनी ओढत होती तेव्हा रुखमाबाई दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

“काऊन बांधून राह्यली वं?”

“उद्या डोहावर जायचं ना, आत्याबाई. आवाज नको म्हणून.”

म्हातारी खाली बसली. तिनं सुनेचा हात आपल्या मांडीवर घेतला. आता गाठ मारून देईल असं वाटलं. पण तिची बोटं चिंधी सोडवत होती, हळू, लेकराचं अंगडं उतरवावं तशी.

“काढून ठेव,” ती म्हणाली.

कोकिळेनं हात मागं घेतला नाही. पण आत काहीतरी चरकलं – ज्या भिंतीला आपण टेकलो आहोत तीच बोलू लागावी तसं.

“आत्याबाई, असं कसं… तुम्हीच तर म्हणता, येतील.”

“म्हणत होती. तुह्या तोंडाकडं पाहून म्हणत होती.” रुखमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. “मी त्याची वाट पाह्यनं कवाच सोडलं, माय. तू सोडशीन तं या घरातून जाशीन, मंग मी कोनापाशी राहू – म्हणून नाही सांगितलं.”