दोन श्रावणांचं सॉफ्टवेअर

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या मसाल्याच्या कारखान्यात कुठल्या महिन्यात किती मटण-मासळी मसाला कांडायचा, हे दहा वर्षं विमला घाडी सांगत आली होती. जुन्या खपाचे आकडे, पंचांग आणि पेन्सिल, एवढ्यावर तिचं भागायचं. पण १९८६ साली मालक चंद्रप्रकाश कुठल्याशा परिसंवादाला जाऊन आले, आणि माणसानं केलेला अंदाज त्यांना एकदम मागासलेला वाटू लागला.

"कंप्युटर आला की तुम्ही कांडपात जा, विमलाबाई," ते म्हणाले.

कांडपखात्यात दिवसभर मिरचीचा खकाणा, आणि विमलाला दमा. तिथे ती महिनाभरही टिकली नसती. पण हे साहेबांना सांगणार कोण? ते भविष्यात गुंतले होते.

दोन कंपन्या आपापलं सॉफ्टवेअर घेऊन आल्या. परीक्षा सरळ होती. आधीच्या आठ वर्षांचा खप घ्या आणि त्यावरून पंच्याऐंशी सालचा सांगून दाखवा. होऊन गेलेलं साल सांगायला दोघांना चार दिवस लागले. दोघांचंही एकमत, खप ऑगस्टात पडेल. प्रत्यक्षात अर्धा ऑगस्ट मसाला धडाक्यात गेला होता, आणि पडला तो सप्टेंबरात.

"गेल्या साली अधिक श्रावण होता," विमला म्हणाली. "लोकांनी मासे सोडले ते दुसऱ्या श्रावणात."

"सॉफ्टवेअरमध्ये धर्म आणायचा नाही," साहेब म्हणाले, आणि ज्याचा आलेख रंगीत होता ते घ्यायच्या बेताला आले.

दुसऱ्या कंपनीचा नंदकिशोर मात्र बेरकी. त्यानं विमलाला चहाच्या टपरीवर गाठलं.

"ताई, ते श्रावणाचं मला सांगा ना. मशीनमध्ये टाकतो."

"आणि मी खकाणा खात बसू?"

"मग काय करू, तुम्हीच बोला."

विमला बोलली. या खेपेला नंदकिशोरच्या मशीनमधला खप सप्टेंबरात बरोब्बर पडला. सोबत नवं दरपत्रक होतं. 'आवश्यक बाबी' खाली वातानुकूलित खोली, स्टॅबिलायझर, आणि तिसरी बाब, पंचांग जाणणारा एक ऑपरेटर. विमलानं साधा पंखा मागितला तर दहा वर्षं न देणाऱ्या साहेबांनी तिन्ही बाबींवर निमूट सही केली. टाइप होऊन आलंय म्हणजे लागतच असणार.

महिन्याभरात साहेब पाहुण्यांना खोली दाखवायला घेऊन आले. पुढच्या सहा महिन्यांचे पेन्सिलीनं काढलेले आकडे विमलानं नुकतेच मशीनमध्ये भरले होते.

"माणसाच्या अंदाजावर आता आमचं काहीच नाही," साहेब म्हणाले. "ह्या बाई नुसतं बटण दाबतात."

विमलाला इतका राग आला की उठून चालू पडावंसं वाटलं. पण छाती भरून गार हवा आत गेली आणि जराही घरघर झाली नाही. ती बसून राहिली.

"कुठलं दाबू, साहेब?" तिनं विचारलं.

साहेबांना एकही बटण माहीत नव्हतं.