अर्धा आटा

जयरामने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ उजव्या कानाला लावली आणि डोळे मिटले. मोटरसायकल चालू होती. सुयोग हेल्मेट काखेत धरून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"येतोय ना, काका?"

"काय येतोय?"

"आवाज. टकटक टकटक. वरच्या बाजूला."

जयरामने गाडी बंद केली. "कायपण नाय. मस्त चालतेय."

आठवड्यातली ही तिसरी खेप. दहा दिवसांपूर्वी जयरामने या गाडीचा वरचा भाग पुरा उतरवून नवा पिस्टन बसवला होता, व्हॉल्व्ह घासले होते, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटची फट नेहमीसारखी कानाने, आवाज ऐकून लावली होती. फटी मोजायची पट्टी त्याच्या पेटीत कधी नव्हतीच. घाटाच्या पायथ्याच्या वैशाखऱ्यातलं त्याचं गॅरेज चालायचं ते या कानावर. घाट उतरून आलेल्याने हेल्मेट काढायच्या आत जयराम गाडीचं दुखणं सांगून मोकळा व्हायचा, आणि त्याचा तोरा मिरवायला तो कमी करत नसे.

आणि आता हा कालचा पोरगा त्याच्याच दारात येऊन त्याला आवाज ऐकवत होता.

यात कुठेतरी पाणी मुरत होतं. मुरबाडला प्रज्वलने नवं गॅरेज थाटलं होतं, सुयोगच्या कंपनीच्या वाटेवरच. परवा सुयोगची गाडी तिथे उभी दिसली, असं जीपवाला नवसू सांगून गेला होता. जयरामने उघडलेलं इंजिन वाजतं, ही बातमी मुरबाडपासून घाटापर्यंत पसरली की त्याच्या दारात कोण थांबणार? जयरामला संताप आला, आणि वाईटही वाटलं. सुयोगला त्याने शेंबडा असल्यापासून पाहिलं होतं.

त्याने टॅपेटचं झाकण उघडलं, पाना लावला, हात हलवल्यासारखं केलं आणि काहीही न फिरवता झाकण बंद केलं. आता हा 'गेला आवाज' म्हणाला की सापडला.

किक मारली. सुयोगने वाकून ऐकलं.

"नाय काका. तसाच हाय."

प्रज्वलने पक्का पढवून पाठवलाय, जयराम मनात म्हणाला. मग टॅपेटचा आवाज म्हणजे काय असतो, ते याला दाखवूच एकदा. त्याने गाडी बंद करून पुन्हा झाकण काढलं आणि या खेपेला टॅपेट खराच सैल केला. चांगला अर्धा आटा, म्हणजे स्क्रूचा अर्धा फेरा. एवढ्याने गाडी अशी खडखडते की रस्त्यावरचा माणूस वळून बघतो.

"आता ऐक," तो म्हणाला आणि किक मारली.

सायलेन्सरची धडधड ऐकू आली. बाकी गाडी मघासारखीच, गुपचूप. नट फिरलाच नाही की काय म्हणून जयराम खाली वाकला. वर बघतो तर सुयोग दोन पावलं मागे सरकलेला, तोंड वाकडं करून. आणि मागच्या दारातून शकू धावत आलेली, हात भाकरीच्या पिठाने भरलेले.

"अवो, बंद करा ती! काय फुटलं का काय?"

जयराम बायकोकडे बघत राहिला. शकूला तर कोणी पढवलेलं नव्हतं.

त्याने स्क्रूड्रायव्हर उचलून पुन्हा उजव्या कानाला लावला. मग डाव्या. मग हळूच गाडी बंद केली.

"काय नाय गो. जा तू," तो म्हणाला. शकू पुटपुटत आत गेली.

जयराम स्टुलावर बसला. बराच वेळ तो बोटांचं ऑइल पुसत राहिला.

"प्रज्वलकडं गेलतास?"

"गेलतो. हवा भरायला." सुयोग जरा ओशाळला. "तो बोलला, टॅपेट सैल हाय, देऊ का लावून? मी बोललो, नको. जयरामकाकांनी उघडलीय, तेच लावतील."

 दोन्ही चाचण्या जयरामने या पोराच्या घेतल्या होत्या, आणि नापास मात्र तो स्वतः झाला होता.

इंजिन थंड व्हायची दोघांनी वाट पाहिली. मग जयरामने पाना घेतला.

"हितं बस. गेला का ते तू सांग."

तो थोडं आवळायचा, झाकण लावून किक मारायचा आणि इंजिनाकडे न बघता सुयोगच्या तोंडाकडे बघायचा. पहिल्यांदा सुयोगने मान हलवली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तो वाकला, थांबला आणि हसला.

"गेला, काका."

"नक्की?"

"नक्की."

जयरामने स्क्रूड्रायव्हरला हात लावला नाही. गाडी बंद करून त्याने किल्ली सुयोगच्या हातात दिली. सुयोगने हेल्मेट चढवायला घेतलं, तेव्हा तो म्हणाला,

"उद्या ड्यूटी सुटली का येशील जरा? अजून एक गाडी उघडलीय."

सुयोगचा हात हेल्मेटच्या पट्ट्यावर थांबला. 

"येतो," तो म्हणाला. मग जयरामसमोर येऊन मोठ्याने, सावकाश म्हणाला, "येतो, काका."