मालनची रेघ

मिरज स्टँडवरच्या पाटीची रेघ गळून पडली. अक्षरं सुटी झाली, खाली उतरली आणि माझ्यामागोमाग गाडीत चढली.

ती पाटी माझ्याच हातची. या रस्त्यावरच्या सगळ्याच. अक्षरं मी काढायचो आणि वरची रेघ माझी बायको मालन ओढायची. सगळ्यात शेवटी, पट्टी न लावता, श्वास रोखून. तिला जाऊन त्या दिवशी वर्ष झालं होतं.

माझ्या मांडीवर एक पत्रा होता. त्यावर नुसती रेघ होती. दवाखान्यात मालननं हट्टानं ब्रश मागून घेतला आणि अक्षरांच्या आधीच रेघ ओढली.

"उलटं झालं की गं," मी म्हणालो.

"असू दे. खाली तुम्ही घाला, सवडीनं."

तिच्या नावाची तीन अक्षरं वर्षभरात माझ्याच्यानं घातली गेली नाहीत. रेघही वाळली नव्हती. आज तिच्या माहेरी, कोळवाडीला, तिच्या नावानं पाणपोई सुरू होणार होती. पत्रा तिथं लावायचा होता. रंग पिशवीत होता. म्हटलं, पोचल्यावर घालू.

मिरजेच्या अक्षरांनी मांडीवरची रेघ पाहिली आणि डाव्या टोकाला जाऊन लटकली.

मी ती अक्षरं ओढून खिडकीबाहेर टाकली. ती धावत येऊन दारातून पुन्हा चढली. पुढच्या थांब्यावर शाळेच्या पाटीची अक्षरं आली, मग पिठाच्या गिरणीची. मी पत्र्यावर टॉवेल टाकला. ती टॉवेलाखाली शिरली.

"पेंटर," कंडक्टर म्हणाला, "किती जण हायत तुमच्याबरोबर?"

"मी एकटाच आहे."

"मग ही कुणाची?"

"अक्षरं माझी. रेघ बायकोची."

"मग आवरा की राव. उभं राहायला जागा नाही."

शेजारची बाई म्हणाली, "ओ दादा, हा ढ उचला माझ्या मांडीवरनं. घरात एक हाय तेवढा पुरे." गाडी हसली. मी ढ उचलला. तो माझ्या हातातून सटकला आणि रेघेला लागला.

आता मध्ये तीन अक्षरांची जागा उरली होती. मी डबा उघडला, ब्रश बुडवला. हात रेघेखाली जाऊन थांबला. तेवढ्यात एका दवाखान्याची पाटी मागं गेली, तिची अक्षरं आत घुसली. दोन अक्षरांची जागा उरली. मग एकाची. मी ब्रश टाकला आणि त्या फटीत बोट घातलं. दोन्ही बाजूंनी अक्षरं रेटत होती. बोट रेघेला चिकटलं.

कोळवाडीला मेव्हणा हणमंता हातोडी घेऊनच उभा होता.

"दाजी, ताईचं नाव कुठाय?"

"घालायचं आहे."

"माणसं खोळंबलीत. बोट काढा, ठोकतो."

"निघत नाही."

"मग राहू दे तसंच," तो म्हणाला आणि त्यानं पाणपोईच्या कपाळावर चार खिळे ठोकले. मी पत्र्याखाली हात वर करून, चवड्यांवर उभा राहिलो. वेशीवरच्या कमानीची रेघ गळाली. गावाच्या नावाची अक्षरं रस्त्यानं पळत येऊ लागली.

पहिली म्हातारी पाणी प्यायली. पदरानं तोंड पुसलं, वर पाहिलं आणि माझ्यावर नजर ठेवून सावकाश वाचलं, "मालन."

माझे पाय जमिनीपासून सुटले.