गुडघे कसे आहेत, बाई?

एके काळी फर्निचरचं दुकान असलेल्या त्या हॉलमध्ये मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. दाराशी कागदी फुलांची कमान, समोर मखमली खुर्ची आणि खुर्चीत डोळे मिटून बसलेले महाराज. कित्येक वर्षांत त्यांनी म्हणे डोळे उघडलेच नव्हते. गरजच काय? माणूस कमानीतून आत आला की महाराजांना त्याचं सगळं दिसायचं.

"ये रे ट्रकवाल्या, पोरीचा दमा काय म्हणतो?"

ट्रकवाला जागच्या जागी रडायला लागायचा.

"आम्ही चामड्याच्या डोळ्यांनी बघत नाही," महाराज सांगत. "आम्ही लहरी वाचतो. लहरी कधी खोटं बोलत नाहीत."

त्या दिवशी कमानीत अण्णा आले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला, टिकटिक करणारी कुठलीही वस्तू उघडून बघितल्याशिवाय चैन न पडणारा माणूस. शेजारणीनं ओढून आणलं म्हणून आलेले. गळ्यात सगळ्यांसारखं महाराजांच्या मिटल्या डोळ्यांचं लॉकेट.

"ये बाई, ये," महाराज म्हणाले. "गुडघे कसे आहेत? तेल चोळत जा. पुढच्या महिन्यात जिने चढशील."

कमानीत अण्णा एकटेच उभे होते.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग शेजारीण किंचाळली, "अगं बाई! ह्यांची बायको! उन्हाळ्यात गेली ना ती! गुडघेच दुखायचे तिचे!"

"सोबत आली होती की हो! महाराजांना दिसली!" मागून कुणीतरी ओरडलं.

सगळा हॉल पाया पडला. एक चलाख शिष्य महाराजांच्या कानाशी वाकला, तसा महाराजांचा आवाज मऊ झाला. "बाई म्हणते, ह्यांना आता सुया टोचू नका. मला बघवत नाही."

घरी आल्यावर अण्णांनी इन्शुलिन बंद केलं.

लेकीनं आधी समजावलं, मग भांडण काढलं, मग रडूनही पाहिलं. अण्णा शांत होते, आई गेल्यापासून पहिल्यांदाच. "तुझी आई नको म्हणाली," एवढंच म्हणायचे. तिसऱ्या दिवशी ते कपात चहा ओतताना बशीत ओतायला लागले. डोळ्यांपुढे धुरकट दिसतंय, हे काही त्यांनी कबूल केलं नाही.

अण्णांचा सदरा धुवायला घेताना वरच्या खिशात तिला आईचं लॉकेट सापडलं. आईसुद्धा शेवटच्या वर्षी गुडघ्यांसाठी तिथं जायची. तिच्या आठवणीचं म्हणून अण्णा ते खिशात बाळगत होते. एक लॉकेट गळ्यात, एक खिशात.

लेकीनं ते बोटांत दाबून पाहिलं. ज्या कंपनीत ती काम करत होती, ती हाच धंदा करायची. कपड्याच्या लेबलात नखाएवढी चिप घालायची आणि दुकानाच्या दाराशी यंत्र लावायचं. यंत्र रेडिओलहरी सोडतं आणि चिप त्यांच्याच जोरावर आपला नंबर सांगते. बॅटरी नको, स्पर्श नको, खोकंसुद्धा उघडायला नको. शेजारशेजारच्या दोन चिपा एकदम वाचल्या जाणं हे तर तिच्या कामातलं रोजचं दुखणं होतं.

तिनं अण्णांचंच बारीक पातं घेऊन लॉकेट उकललं. आत तांब्याची नाजूक तार आणि मधोमध काळा ठिपका.

"हे बघा. आत शिरण्याआधी तिथं गळ्यात लॉकेट घालून चहा पाजतात ना? गोड बोलून सगळं विचारतात?"

"माणसं चांगली आहेत ती."

"तुम्ही बोलता ते कॉम्प्युटरमध्ये ह्या नंबरापुढे जातं. कमानीत नंबर वाचला की मागच्या खोलीतला माणूस महाराजांच्या कानात सांगतो. तुमच्याजवळ दोन लॉकेटं होती. त्यानं पडद्यावर आधी आलं ते वाचलं. तुमच्या सुयाही तुम्हीच सांगितलेल्या."

अण्णांनी तार बोटावर घेऊन बराच वेळ न्याहाळली. "काम सुबक आहे," ते म्हणाले. "असेल चिप. पण दिसली ती त्यांना."

"अण्णा, आई त्यांना दिसली, मग ती गेलीय हे दिसलं नाही? गेलेल्या माणसाला तेल चोळायला सांगतात?"

"आणि तिथंही दुखत असतील तर?"

तिनं तार लॉकेटात परत बसवली आणि ते आपल्या पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती विक्रीसाहेबांपुढे उभी राहिली. भिंतीवर साहेबांचा आवडता तक्ता होता, वर वर चढत जाणाऱ्या रेघेचा.

"साहेब, त्या हॉलला आपली यंत्रं आहेत?"

"आहेत म्हणजे? सगळ्यात मोठी मागणी त्यांचीच!" साहेब खुर्चीतून उठलेच. "कपड्यांची दुकानं झाली, गोदामं झाली, वाचनालयं झाली. पण शर्ट विकला की चिप कचऱ्यात जाते. भक्त मात्र लॉकेट जन्मभर गळ्यात घालतो! अशी बाजारपेठ शोधून सापडायची नाही, पोरी."

"लोक औषधं बंद करतायत, साहेब. माझे वडीलसुद्धा."

साहेबांचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता. "त्यांना डॉक्टरकडे ने. सुट्टी घे हवी तर. पण आपण चिप विकतो, चमत्कार नाही. आणि हो, त्यांची तक्रार आलीय. कमान एका वेळी दोन लॉकेटं वाचते. दुरुस्त करून ये."

"नाही केली तर?"

"तर दुसरं कोणी करेल. रांग लागलीय."

ती हॉलवर गेली. ढकलगाडीवर कंपनीचं रिकामं खोकं ठेवलं, आत आईचं लॉकेट. बरोबर अण्णांना घेतलं. "एकदाच या," म्हणाली, "मग काही बोलणार नाही." अण्णा आत जाऊन बसले, हॉल भरला, तशी तिनं गाडी कमानीतून आत ढकलली.

"ये बाई, ये. गुडघे कसे आहेत?"

नेमका तोच सूर, तोच लाड. आणि एवढं सगळं ठाऊक असून तिनंही मागं वळून पाहिलं.

कुणीतरी फिसकन हसलं. "महाराज खोक्याशी बोलतायत!"

तिनं कमानीची फुलं बाजूला केली. आतलं पांढरं यंत्र, खाली गेलेली वायर, सगळं दाखवलं. लॉकेट, नंबर, चहाची खोली, कानातला बोलका मणी, एकेक करून मोठ्यांदा सांगितलं. महाराजांचा हात नकळत कानाकडे गेला, हेही पुढच्या रांगेनं पाहिलं.

मग शेजारीण म्हणाली, "खोक्यात हिच्या आईचं काहीतरी असेल. जीव गुंतला असेल त्यात."

"यंत्र निमित्तमात्र," महाराज डोळे मिटूनच म्हणाले. "लहरी आमच्याच."

हात जोडले गेले. लेकीचा आवाज त्या जयजयकारात बुडून गेला. दोन-चार माणसं उठून गेली, तीही खाली मान घालून.

अण्णा तेवढे पुढे आले. त्यांनी खोक्याची झाकणं उघडली, आत वाकून पाहिलं, हात घालून चारी कोपरे चाचपले. लॉकेट उचललं, शेजारणीपुढे धरलं. "एवढंच आहे," म्हणाले, आणि बाहेर निघाले.

घरी त्यांनी न सांगता पोटावरचा सदरा वर केला. तिनं सुई टोचली. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"तिला एक विचारायचं राहिलं होतं," ते म्हणाले. "वाटलं होतं, पुढच्या खेपेला विचारीन."

"काय विचारायचं होतं?"

"आता काय उपयोग."

तो हॉल आजही भरतो. कमान दुरुस्त झाली, दुसऱ्या कुणीतरी केली. आता ती एका वेळी एकच लॉकेट वाचते आणि महाराज चुकत नाहीत. चिपेला जिवंत कळत नाही की मेलेलं, तिला फक्त आपला नंबर सांगता येतो. बाकीचं सगळं आपणच, चहा पिता पिता, सांगून बसलेलो असतो. म्हणून कुणी तुमचं दुःख न सांगता ओळखलं, तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा: ह्याला हे कुणी सांगितलं? उत्तर मिळायला वेळ लागेल. कदाचित मिळणारही नाही. तोवर औषध मात्र बंद करू नका.