दोघांनी तपासलेली कॉइल

माझा दादा आणि मी एकाच गॅरेजात काम करत होतो आणि एकमेकांशी बोलत नव्हतो. हे कसं जमतं असं ज्याला वाटेल, त्याने दादाला पाहिलेलं नाही, आणि मलाही. कारण एवढंच की दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये मला नोकरी मिळाली, मी हो म्हणून मोकळी झाले आणि मग घरी सांगितलं. दादाने तोंडाला कुलूप घातलं. मी त्याहून मोठं घातलं. शेवटी आम्ही एकाच बापाची पोरं. तेव्हापासून तो सकाळी गॅरेज उघडायचा, जेवायच्या वेळी निघायचा, आणि तो कोपऱ्यावरून वळला की मी आत शिरायची.

यात मधल्या मधे भरडली जायची ती वहिनी. वहिनी प्रसूतीची नर्स आहे. टेकडीवरच्या ज्या बायकांना खाली दवाखान्यात येणं जमत नाही, त्यांच्या घरी ती जाते. तिची लाल हॅचबॅक, छोट्या इंजिनाची पण टर्बोवाली, चढावर मिसिंग करायला, म्हणजे ठोके चुकवायला लागली. सपाटीवर अगदी गुणी बाळ. चढ आला, पाय दाबला, टर्बोने इंजिनात जादा हवा कोंबून जोर धरला की धक्क्यावर धक्के, इंजिनचा दिवा लुकलुकायचा आणि गाडीचं अवसान गळायचं. मागच्या खेपेला वहिनी गाडी अर्ध्यात सोडून पिशवी घेऊन चालत वर गेली. पोहोचली तेव्हा बाळ होऊन गेलं होतं आणि आई एकटी, भीतीने पांढरीफटक पडून होती. दोघं वाचली, पण त्या दिवशी वहिनी न जेवता झोपली.

“वर आता अजून एक आहे,” ती मला म्हणाली. “पहिलटकरीण. नवरा जहाजावर, घरात म्हातारी सासू. दिवस भरलेत तिचे. तुमचं भांडण मिटेल तेव्हा मिटो, माझी गाडी चढली पाहिजे.”

चढलीच पाहिजे, असं मी मनात घट्ट धरलं. दादानेही धरलं असणार. बायकोची गाडी धड करता येत नाही असा मेकॅनिक कुठे तोंड दाखवणार?

गाडीला जोडलेला स्कॅनर सांगत होता, दुसरा सिलिंडर मिसिंग करतो. इंजिनात सिलिंडर तीन. प्रत्येकाला ठिणगी पाडायला आपापला प्लग, आणि प्रत्येक प्लगला वीज पुरवणारी आपापली कॉइल. यातली कॉइल नासली आहे का, हे बघायची सोपी रीत आहे. दुसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावायची, पहिल्याची दुसऱ्यावर. मग गाडी चढावर न्यायची. मिसिंग कॉइलसोबत पहिल्याकडे गेलं, तर कॉइल चोर. दुसऱ्यातच राहिलं, तर कॉइल निर्दोष, चोर दुसराच.

मी कॉइलची अदलाबदल केली, गाडी चढावर नेली. मिसिंग दुसऱ्यातच. संध्याकाळी वहिनीला म्हटलं, “त्याला सांगा, कॉइल ठीक आहे.”

दुसऱ्या दिवशी वहिनी निरोप घेऊन आली, “तोही म्हणतोय, कॉइल ठीक आहे.”

किती दिवसांनी आमचं एकमत झालं, आणि तेच आमच्या मुळावर आलं.

मग चोर सोडून संन्याशाला फाशी सुरू झाली. दादाने नवे प्लग घातले, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजलं. मी इंधन फवारणारे इंजेक्टर बघितले, टर्बोच्या पाइपांत धूर सोडून कुठे गळती आहे का ते शोधलं. सगळं ठणठणीत. गाडी मात्र चढावर तशीच उचक्या देत होती. मला तिचा राग यायला लागला. झोपेतही मी नट-बोल्टांवर पाने फिरवत होते. मग वहिनीकडून कळलं की दादा इंजिनचं हेड उघडायचं म्हणतोय. हेड उघडलं की गाडी कितीतरी दिवस आडवी, आणि ती वरची बाई काही थांबणार नव्हती.

“उघडायचं नाही,” मी म्हटलं. “त्याला सांगा, आधी तिघं मिळून एकदा चढावर जाऊ. एकाने चालवायची, एकाने स्कॅनर बघायचा.”

“मी कशाला?” वहिनीने विचारलं.

“तुम्ही नसाल तर आम्ही बोलणार कसे?”

वहिनीने कपाळावर हात मारला, पण पिशवी घेऊन आली. दुपार कलली होती. मी चालवायला, दादा शेजारी मांडीवर स्कॅनर घेऊन, वहिनी मागे. चढाच्या पहिल्याच वळणावर गाडीने उचकी दिली.

“तिला सांग, दुसराच,” दादा म्हणाला.

“दिसतंय मला,” मी आरशात बघून वहिनीला म्हटलं. “आणि त्याला सांगा, कॉइल सोडून बोल. कॉइल मी बदलून बघितली आहे.”

“तिला सांग, तिने बघायच्या आधीच मी बदलली होती.”

वहिनीने दोन्ही निरोप सांगायला तोंड उघडलं, पण मी तोवर गाडी कडेला दाबून थांबवली होती. थेट दादाकडे वळले.

“कधी?”

त्याने स्कॅनर खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, “गाडी आली त्याच दिवशी, सकाळी. चढावर न्यायला वेळ नाही मिळाला. ते काम दुसऱ्या दिवसावर ठेवलं.”

“आणि त्याच दुपारी मी बदलल्या.”

घोडं कुठे पेंड खात होतं ते आता कळलं. सकाळी दादाने खराब कॉइल दुसऱ्यावरून पहिल्यावर नेली. दुपारी मी तीच उचलून पुन्हा दुसऱ्यावर आणून बसवली. मी चढावर गेले तर दोष दुसऱ्यात. दुसऱ्या सकाळी दादा गेला तर दोष दुसऱ्यात. दोघांनाही वाटलं, कॉइल हलवली तरी दोष हलला नाही. तो हलला होता. जाऊन परत आला होता. गाडीवरून हात काढला की तोंड उघडायचं, काय केलं ते सांगायचं, ही हे काम शिकवताना बाबांनी दिलेली पहिली शिकवण. शिकाऊ माणूसही अशी चूक करत नाही, कारण तो निदान बोलतो तरी.

“गाढव आहेस तू,” मी म्हटलं.

“दोघं आहोत,” दादा म्हणाला आणि बॉनेट उघडायला उतरला.

कॉइल बदलल्या, यावेळी दोघांनी बघून. थोडं वर गेलो, गाडीने उचकी दिली आणि दादा जवळजवळ ओरडला, “पहिला! पहिल्यात आली!” चोर सापडला. आता खाली जायचं, नवी कॉइल आणायची, काम फत्ते.

तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, “घाबरू नका आजी, मी निघालेच आहे.” फोन ठेवून आम्हाला म्हणाली, “पाणी गेलंय तिचं. कळा भराभर येतायत. खाली जाऊन परत यायला वेळ नाही.”

पुढचा चढ मागच्याहून वाईट होता. मी दादाकडे बघितलं, त्याने माझ्याकडे.

“प्लगची फट कमी करू,” आम्ही दोघांनीही जवळजवळ एकदमच म्हटलं.

ठिणगी प्लगच्या टोकाशी त्या फटीतून उडते, आणि दुबळी कॉइल लांब ठिणगी पाडू शकत नाही. फट कमी केली, शिवाय टर्बोला जोर धरू दिला नाही, तर ती कशीबशी रेटून नेईल. इंजिन तापलेलं होतं. दादाने फडकं गुंडाळून पहिला प्लग सोडवला, तरी बोटं भाजलीच. “काढला,” तो म्हणाला. मी दगडावर टेकवून प्लगचं टोक हलकेच ठोकलं आणि फट बघितली. “अजून जरासा. झाला. घे.” “बसवला.” “कॉइल?” “लावली. स्क्रू आवळला. बॉनेट लावतोय.” एवढं आम्ही भांडण झाल्यापासून बोललो नव्हतो. वहिनी मागे बसून पिशवीतले हातमोजे मोजत होती, म्हणजे घाबरली होती.

“तूच चालव,” दादा म्हणाला. “माझी बोटं भाजलीत. पाय हलका ठेव. गिअर खालचाच ठेव.”

दातओठ खाऊन गाडी दामटायची मला सवय. त्या चढावर मात्र मी पायाखाली अंडं ठेवल्यासारखी चालवली. मागून कोणी हॉर्न वाजवला, कोणी शिव्या दिल्या. दिल्या तर दिल्या. दादा स्कॅनरवर डोळे लावून म्हणत होता, “काही नाही. काही नाही. एक आली, पाय काढ. हां, गेली. चल.” शेवटच्या वळणावर गाडी थरथरली, पण मी थांबले नाही. आता थांबलो तर गाडी पुन्हा उठणार नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

सासू दारातच उभी होती. गाडी नीट थांबायच्या आधीच वहिनी उतरून आत पळाली.

आम्ही बाहेर बॉनेटला टेकून उभे राहिलो. आतून कण्हण्याचे आवाज येत होते, मध्येच वहिनीचा ठाम आवाज. दादा भाजलेल्या बोटांवर फुंकर घालत होता. बऱ्याच वेळाने वहिनी बाह्या वर केलेल्या तशीच दारात आली. “मुलगी. मान नाळेत अडकली होती, सोडवली. दोघी बऱ्या आहेत,” म्हणाली आणि लगेच आत गेली. आणखी जरासा उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते आम्हालाही कळत होतं.

मी अंगणातल्या फरशीवरच बसले. दादाही बसला.

“कधी निघायचंय तुला?” त्याने विचारलं.

“पुढच्या महिन्यात. आणि मी जाणार आहे दादा, तू काहीही म्हण.”

“जा ना. कोण अडवतंय?” मग बोटांकडे बघत म्हणाला, “मला फक्त एक सांगता आलं नाही. तू गेलीस की माझं अडेल गं.”

मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांतून पाणीच आलं. मी ते हाताने पुसलं आणि माझा गाल ग्रीसने काळा झाला. एवढं एक वाक्य त्याने मी नोकरीचं सांगितलं त्या पहिल्याच दिवशी म्हटलं असतं, तर आज त्या दारामागच्या बाईला आमची वाट बघत कळा सोसाव्या लागल्या नसत्या.