पार्किंगमधला तंबू

थांबा साहेब, तंबूला हात लावू नका. तुमच्या गाडीची जागा अडवलीय, ठावं हाय मला. गाडी राहू द्या गेटापाशी, चहा घ्या आन काय झालं ते ऐका. चहाची चव जाईल, ते आधीच सांगतो.

तिसऱ्या मजल्यावरचा अभय, हिंजवडीला कंप्युटरात असतो तो. त्याला जैसलमेरचं खूळ लागलं. ड्रायव्हर न्हाई, गाडी आपली आपण चालवायची, वाळूत तंबू ठोकायचा, फोटो काढायचे. पहिल्यांदाच चाललाय. महिनाभर ह्याच टपरीवर बसून त्याची आन त्याच्या दोस्ताची, शुभंकरची, खलबतं. वाळूत टायरची हवा किती काढायची, सूर्य कुठल्या टेकाडामागं बुडतो. हापिसातनं नकाशे छापून आणले. म्हणलं, असू दे, हौस हाय पोरांना.

आज सकाळी तालीम काढली. इथंच तंबू लावला, शेगडी पेटवून अंडी उकडली. अभयची बायको, चैताली, डिकीत सामान लावत होती. ती म्हणाली,

"बाकी सगळं झालं, पण मी जायचं कुठे? तिथे आडोशाला झाडसुद्धा नाही."

अभय वर गेला. खाली येताना हातात काय आणावं? आईची खुर्ची. मधी भोक, खाली भांडं, तसली.

त्याच्या आईचे, शालनताईंचे, गुडघे गेलेत. टेलिफोन हापिसात नोकरी करून एकटीनं पोरगं शिकवलं बाईनं. त्या खुर्चीमुळं त्यांचं त्या करतात, कुणाचा हात लागू देत न्हाईत. त्यांच्या खोलीत जायचं तर दाराबाहेर खोकायचं. मी दूध द्यायला जातो, मलाबी तोच कायदा.

आन ह्यानं ती भर पार्किंगात मांडली. शुभंकर त्या खुर्चीवर जाऊन बसला, हनुवटीला हात लावून.

"काढ फोटो! महाराज ऑफ राजस्थान!"

अभय खिदळत फोटो काढतोय, आजूबाजूची माणसं बघतायत. हातातला चहा मी गटारात ओतला. शिसारी आली साहेब. घाणीची न्हाई, घाण तर आपण सगळेच करतो.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. काठी टेकत शालनताई.

"अभय, ती खुर्ची माझी आहे."

"आई, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. बाई ठेवलीय ना तुझ्यासाठी? ती बेडपॅन देईल. जरा प्रॅक्टिकली बघ."

"ती बाई मला ओळखतही नाही."

"त्यात ओळख कशाला लागते?"

ताई शुभंकरकडं बघत उभ्या राहिल्या, तो उठेस्तोवर. मग सुनेला म्हणाल्या,

"चैताली, खुर्ची तंबूत ठेव."

तिनं ठेवली. तंबू महागाचा, चांगला उभ्यानं शिरता येतंय. ताई आत गेल्या आन चेन लावली.

अभय बाहेरनं दबक्या आवाजात, "आई, तमाशा नको. लोक बघतायत."

आतनं उत्तर आलं, "आता कुठे बघतायत?"

मग चैतालीनं डिकीतनं स्वतःची बॅग काढली, भिंतीला टेकवली. चपला काढल्या. "आई, मी," म्हणाली. चेन उघडली, ती आत गेली, चेन परत लागली. मघापासनं दोघी आत हायत. मधेच हसल्याचंबी ऐकू येतं.

ते बघा, अभय आलाच. गळ्यात कॅमेरा, डिकी तशीच उघडी. तुम्हाला म्हणंल, काका, जागा तुमची, तुम्हीच उठवा त्यांना. नका उठवू साहेब. हे दोन चहा तेवढे नेऊन द्या, माझ्या शेगडीवर दूध हाय. आन एकदम चेनपाशी जाऊ नका. जरा लांबनंच, आधी खोका.