ऊठ न म्हणणारी जागा

मी एक बाक बोलतोय. पण माझी हकिगत माझ्यापासून सुरू होत नाही. ती सुरू होते एका नवसापासून, आणि तो नवस माझ्या जन्माआधीचा आहे.

नवस काकूंनी बोललेला. तेव्हा त्या कुणाच्या काकू नव्हत्या, सुताराची नवी बायको होत्या. नवरा चढावरच्या मोठ्या दवाखान्यात पडून होता, छातीत पाणी झालं होतं. काकू पायथ्याच्या घरातून दिवसातून दोनदा डबा घेऊन चढ चढायच्या. एकदा निम्म्या वाटेवर घेरी आली, म्हणून एका दुकानाच्या पायरीवर टेकल्या. दुकानदार वाईट माणूस नव्हता, त्याची गिऱ्हाइकाची वेळ होती, इतकंच. "ऊठ बाई, इथे नको बसूस," तो म्हणाला. काकू उठल्या. उरलेला चढ चढताना डबा छातीशी धरून मनात म्हणाल्या, "देवा, माझा माणूस आपल्या पायांनी घरी येऊ दे. या चढावर मी बसायला जागा करीन, आणि तिथून कधी कुणाला ऊठ म्हणणार नाही."

माणूस आपल्या पायांनी घरी आला. अंगात थोडी ताकद आल्यावर त्याने पहिलं काम हातात घेतलं ते माझं. घरातला पलंग मोडला, ज्यावर तो आजारी पडला होता तोच, आणि त्याच्या लाकडातून मला घडवलं. दोघं त्यानंतर जमिनीवर अंथरूण घालून झोपू लागली.

बाक म्हटला की चार फळ्या नि चार पाय, असं तुम्हाला वाटत असेल. त्या सुताराने माझी उंची आपल्या थरथरत्या गुडघ्यांवरून ठरवली. इतर बाकांपेक्षा मी दोन बोटं उंच. "अशक्त माणसाला बसणं जमतं, उठणं जमत नाही," तो काकूंना म्हणाला. उठताना जोर द्यायला त्याने मला उजवीकडे एक हात बसवला. डावी बाजू मोकळी सोडली, म्हणजे माणसाला आपली पिशवी शेजारी ठेवता येईल. रस्त्यावरच्या लोकांना तो एकच हात बघून हसू यायचं. "काय हो, लाकूड संपलं का?" समोरचा शिंपी विचारायचा.

चढाच्या वळणावर मला बसवलं, आणि माझा संसार सुरू झाला.

वर जाणारी माणसं माझ्या कडेला टेकायची, पाठ न लावता, हातातले कागद पुन्हा पुन्हा उलगडून बघत. खाली येणारी माणसं कधी थांबायचीच नाहीत, तर कधी तासभर हलायची नाहीत. घरी काय सांगायचं आणि किती सांगायचं, याची तालीम बऱ्याच जणांनी माझ्यावर बसून केली आहे. एके दिवशी तो पायरीवरून उठवणारा दुकानदारही माझ्यावर टेकला, धापा टाकत. काकूंनी त्याला ओळखलं. घरी जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, आणि मागचं काही बोलल्या नाहीत.

पुढे सुतारकाका गेले. काकू म्हाताऱ्या झाल्या, तरी रोज सकाळी देवाचं नाव घेत वळणापर्यंत यायच्या आणि ओल्या फडक्याने मला पुसायच्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मास्तर यायचे. शाळेतून निवृत्त झालेले, मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करून घ्यायला दवाखान्यात जाणारे. बरोबर माझ्यापाशी त्यांचा दम संपायचा. बसायचे, उजवा हात माझ्या हातावर ठेवायचे, शंभर आकडे मोजायचे आणि मग उठायचे.

"नव्व्याण्णवला उठून बघा एकदा," काकू म्हणायच्या.

"मग एक आकडा उरतो ना काकू. त्याचं काय करू?"

आणि मग आमच्या वस्तीत तो कलेचा उत्सव आला.

आठ दिवस रस्त्यावर कला, असं ठरलं. भिंतींवर चित्रं, खांबांना रंगीत दोऱ्या, चौकाचौकात गाणारे, नाचणारे, उंच काठ्यांवर चालणारे. एक कलाकार काकूंच्या दारी आला. चष्मा कायम कपाळावर, म्हणून वस्तीने त्याला चष्मेवाला म्हणायला सुरुवात केली होती.

"आजी, तो वळणावरचा बाक मला उत्सवासाठी द्याल? आठच दिवस."

"बाक तिथेच राहील ना?"

"तिथेच. उलट हजारो माणसं येतील त्याच्यापाशी."

काकूंना आनंद झाला. हजारो माणसं येतील म्हणजे हजारो माणसं बसतील, असा त्यांनी अर्थ घेतला. दुसरा अर्थ त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं. "मग त्यात विचारायचं काय? आठ दिवस दिला," असं त्यांनी देवाच्या फोटोकडे बघत सांगितलं. काकूंच्या लेखी दिलेला शब्द म्हणजे अर्धा नवसच.

चष्मेवाल्याने पहिल्यांदा माझा उजवा हात कापला. "दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत," तो आपल्या माणसाला म्हणाला. मग माझ्या अंगभर फुटक्या आरशाचे तुकडे चिकटवले, बसण्याच्या फळीवरही, टोकं वर करून. भोवती चार खांब रोवले, लाल दोरी बांधली. समोर दोन पाट्या लावल्या. मोठ्या पाटीवर माझं नवं नाव होतं, 'विसावा'. लहान पाटीवर लिहिलं होतं, 'बसू नये'.

हजारो माणसं आली, हे खरं. माझ्या आरशांत आपापली तोंडं बघून, फोटो काढून पुढे गेली. एक बाई डोळे पुसत मैत्रिणीला म्हणाली, "किती थकलेला वाटतो ना हा?" थकवा मला कधी माहीत नव्हता. मला थकलेली माणसं माहीत होती.

समोरच्या शिंप्याने पाट्या वाचल्या. "बसायच्या वस्तूवर बसायचं नाही म्हणे. उद्या मीही सदरे टांगतो, 'घालू नये' म्हणून. बक्षीस मिळेल."

काकूंनी मला बघितलं तेव्हा हातातलं फडकं तसंच हातात राहिलं. शिंपी म्हणाला, "काकू, माझी कात्री घ्या नि तोडा ती दोरी. बाक तुमचा आहे."

"आठ दिवसांचा शब्द दिलाय रे."

"त्यांनी तुम्हाला फसवलं."

"त्यांनी फसवलं असेल. मी कशाला फसवू?"

मंगळवार उजाडला. काकूंना मास्तरांची आठवण होती. त्यांनी स्वयंपाकघरातली एकुलती एक खुर्ची उचलली आणि चार-चार पावलांवर थांबत वळणापर्यंत आणली. माझ्या शेजारी ठेवली. लगेच छातीवर उत्सवाची फीत लावलेली एक मुलगी धावत आली.

"काकू, ही इथे नाही चालणार. फोटोत येते."

"एक म्हातारा माणूस येणार आहे. तो बसून गेला की नेते."

"मला ओरडा बसेल हो. मी कडेला ठेवते, जाताना घेऊन जा." आणि तिने खुर्ची गल्लीच्या आत, उत्सवाच्या मंडपामागे नेऊन ठेवली. मुलगी उद्धट नव्हती. तिला सांगितलं होतं तसं ती करत होती. त्या आठ दिवसांत कुणीच वाईट वागलं नाही, हे मला आजही सहन होत नाही.

मास्तर आले. ओठ निळे पडलेले. सवयीने त्यांचा उजवा हात माझा हात शोधू लागला, आणि तिथे काही नव्हतं. काकूंनी त्यांना खांद्याने सावरलं. दोघं दोरीला धरून उभी, एक धापा टाकतोय, दुसरी त्याच्याबरोबर आकडे मोजतेय. "तेरा... चौदा... हळू घ्या मास्तर... पंधरा."

बघता बघता गर्दी जमली. आपसांत कुजबुज झाली. 'विसावा' नावाचा बाक, बसू नये अशी पाटी, समोर दोन दमलेले म्हातारे. "काय सुचलंय बघ," कुणीतरी म्हणालं. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काकूंना काही कळेना. मास्तरांना कळलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

माझ्यापासून दहा पावलांवर एक चंदेरी माणूस उभा असे. अंगाला रंग फासून, लाकडी खोक्यावर पुतळ्यासारखा निश्चल. मुलं त्याच्या नाकाशी टिचक्या वाजवायची, तरी त्याची पापणी लवत नसे. तो खोक्यावरून खाली उतरला. खोका उचलून मास्तरांच्या मागे ठेवला.

"बसा बाबा. यांना खोटं वाटतंय. मला कळतं खरं दमणं कसं असतं ते."

मास्तर बसले. टाळ्या आणखी वाढल्या. पुतळा हलला, बोलला, केवढी कल्पना. चंदेरी माणूस गर्दीकडे वळून म्हणाला, "अहो, हे आजारी आहेत. वाट द्या." लोक हसले. त्याचं ते वाक्य त्यांना फार आवडलं.

शंभर आकडे पुरे झाल्यावर मास्तर उठले आणि कुणाकडेही न बघता वर गेले.

शुक्रवारी काकू खुर्ची घेऊन थेट मंडपामागे बसून राहिल्या, मास्तर दिसले की पुढे आणायची म्हणून. मास्तर मला दिसले. वळणाच्या खाली, शिंप्याच्या भिंतीला हात लावून उभे होते. त्यांनी गर्दी बघितली. शिंपी बाहेर आला, तेव्हा त्याला म्हणाले, "माझ्या दम लागण्याला टाळ्या पडतात हो इथे. आज नको." आणि मागे फिरले. मला तोंड असतं तर मी काकूंना हाक मारली असती. शिंपी धावत मंडपाकडे गेला, पण गर्दीतून वाट काढून काकू बाहेर येईपर्यंत मास्तर उतारावरून दिसेनासे झाले होते.

रविवारी उत्सव संपला. मला पहिलं बक्षीस मिळालं. चष्मेवाल्याच्या गळ्यात हार पडला.

सोमवारी मला उचलायला माणसं आली. वळणावरच राहणार होतो तो मी, आता शहराच्या कलादालनात कायमचा जाणार, असं उत्सवाच्या समितीने ठरवलं होतं. काकू ओलं फडकं घेऊन आल्या होत्या. आठ दिवस पुरे झाले, आता आरसे काढून मला पुसायचं, या हिशेबाने. मला गाडीत चढवत होते, तेवढ्यात भोंगा वाजवत रुग्णवाहिका चढावर आली. रस्ता अडलेला बघून ती क्षणभर थांबली. काचेतून आत मास्तर आडवे दिसले. शुक्रवार चुकला होता, मंगळवारपर्यंत शरीराने वाट पाहिली नव्हती. मला न्यायला आलेली गाडी बाजूला घेतली, रुग्णवाहिका वर गेली, आणि मग मला खाली नेलं.

आता मी एका थंड, स्वच्छ दालनात आहे. काकू एकदा आल्या होत्या. चष्मेवाला तिथे भेटला.

"बाळ, आठ दिवस म्हणाला होतास."

"आजी, तिथे पावसापाण्यात कुजून गेला असता. इथे शंभर वर्षं टिकेल."

"टिकून करणार काय तो?"

त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. काकू चालून आल्या होत्या, दमल्या होत्या. दोरीजवळ उभ्या राहून माझ्याशी बोलल्या, अगदी हळू. "मास्तर वाचले. पण आता चालवत नाही. गाडीतून जातात, वळणावर हात करतात. मी स्वयंपाकघरातली खुर्ची तिथेच ठेवलीय, बांधून नाही ठेवली. नेली कुणी तर दुसरी ठेवीन. नवस तुझ्या लाकडाचा नव्हता रे, जागेचा होता." मग त्यांनी हात जोडले. मला की देवाला, ते मला कळलं नाही. जाताना दाराच्या चौकटीला टेकायला गेल्या, तर पहारेकरी म्हणाला, "आजी, इथे थांबू नका."

दालन झाडणारी एक बाई रोज दुपारी येते. पाट्या तिला वाचता येत नसाव्यात, पण दोरी कळते. काम आटोपलं की बादली बाजूला ठेवते आणि माझ्या दोरीच्या खांबाला पाठ लावून फरशीवर बसते. बाकाशेजारी, जमिनीवर. मी तिच्याकडे माझ्या शेकडो आरशांतून बघतो.

माझं काही करू नका. मला परत न्यायला येऊ नका, माझा हात गेलाय. फक्त काकूंनी केलं तेवढं करा. तुमच्या दाराबाहेर, जिथे चढ लागतो किंवा ऊन लागतं तिथे, घरातली एक खुर्ची ठेवा. मोडकी चालेल, थोडी उंच असली तर बरं. तिला नाव देऊ नका. आणि कुणी येऊन बसलं, तर कितीही वेळ बसू द्या, त्याला ऊठ म्हणू नका.